काठ खाली, पदर पाठीवर

कवठे महांकाळ तालुक्यात डिसेंबर लागला की दोन कामं एकदमच अंगावर येतात. द्राक्षबागेत घडांची विरळणी सुरू असते आणि शाळेत गॅदरिंगची तालीम. दिवसभर बागेत राबून संध्याकाळी बाई घरी परतते, तेव्हा लेक उंबऱ्यातच सांगते की तिला नाटकात राजकन्या केलंय आणि ड्रेस शुक्रवारपर्यंत पाहिजे. एकदा ड्रेसचा विषय निघाला की तो फेब्रुवारीपर्यंत संपत नाही. ३ जानेवारीला सावित्रीबाई फुल्यांची जयंती, १२ तारखेला जिजाऊंची, मग संक्रांत, प्रजासत्ताक दिन आणि १९ फेब्रुवारीला शिवजयंती. बालवाडीपासून चौथीपर्यंतच्या पोरींना या दीड-दोन महिन्यांत कुणी ना कुणी व्हायचं असतं. कुणी झाशीची राणी होते आणि पाठीला बाहुली बांधून हिंडते, कुणी जिजाऊ, कुणी ताराराणी. गेल्या काही वर्षांत त्यांच्यात सिंड्रेला आणि एल्साही येऊन मिसळल्या आहेत.

आयांसमोर मग दोन वाटा असतात. एक म्हणजे मिरज-सांगलीहून ड्रेपरी भाड्यानं आणायची. चाळीसेक किलोमीटर जायचं, अनामत ठेवायची, आणि मापात बसेल तो ड्रेस घेऊन यायचा. दुसरी वाट मोबाइलवरून तयार ड्रेस मागवायची. तो प्लॅस्टिकच्या पिशवीतून येतो. वर चकाकणारं पॉलिएस्टर साटिन, खाली कडक नेट, कमरेला इलॅस्टिक, छातीवर चिकटवलेली चमकी. अस्तर बहुधा नसतंच. शिवणीला माया इतकी कमी सोडलेली असते की लेकरानं हात वर केला की काखेत उसवतं. तासाभरात पोरगी मांड्या खाजवायला लागते, आणि फोटो काढून झाला की ड्रेस माळ्यावर जातो.

तिसरी वाट ट्रंकेत आहे. या लेखात मला तिच्याविषयीच सांगायचंय. आपल्याकडच्या साडीत राजकन्येचा पोशाख अर्धा विणूनच आलेला असतो. काठ असतो, पदर असतो, घेराला पुरून उरेल एवढं सलग कापड असतं. ते कुठून आणि कसं कापायचं हे कळलं, तर बाजारातल्या कुठल्याही ड्रेसपेक्षा देखणं आणि लेकराला सोसणारं काहीतरी घरात तयार होतं. मी शिवण आईकडून शिकले. भाचीसाठी आम्ही दोघींनी मिळून निळा झगा शिवला, त्याची हकिकत पुढं सांगते. आधी या भागातल्या जुन्या कापडाविषयी थोडं.

आपल्या घरात बाळ जन्मलं की त्याच्या अंगाला पहिलं लागतं ते जुनंच कापड. आजीचं धुऊन धुऊन मऊ झालेलं लुगडं फाडून दुपटी आणि लंगोट करतात. नवं कापड खळीचं असतं, ते बाळाला टोचतं, हे कुणाला शिकवावं लागत नाही. बारशाला खणाची कुंची शिवतात, तिच्या कडेला मोती आणि जरीची पट्टी लावतात. पोरगी चालायला लागली की परकर-पोलकं येतं. ते पूर्वी कितीतरी घरांत आईच्या नाहीतर आत्याच्या लुगड्यातूनच निघायचं. लुगडं नऊवारी, म्हणजे आठेक मीटर. काष्ट्याच्या आणि बसण्याच्या जागी ते विरतं, पण काठ आणि पदराकडची बाजू टिकून राहते. त्या टिकलेल्या भागाचा परकर, उरलेल्याची वाकळ. वाकळ पण फाटली की तिच्या चिंध्या भांडी उचलायला. एवढं होऊन जे राहील ते बोहारणीच्या वाट्याला.

बोहारीण मात्र चांगलं कापडही नेते, याचं मला वाईट वाटतं. जरीचा काठ असलेली साडी स्टीलच्या एका डब्यावर जाते. जुन्या खऱ्या जरीत चांदी असते आणि ती काढण्यासाठी साड्या जाळतात, हे देणाऱ्या बाईच्या बऱ्याचदा गावीही नसतं. डबा घ्यायच्या आधी साडी एकदा उजेडात धरून पाहावी एवढीच माझी विनंती आहे.

कर्नाटकाची सीमा जवळ असल्यामुळं आमच्या भागात इरकल फार. बागलकोट जिल्ह्यातल्या इलकलहून आलेलं हे लुगडं अजून म्हाताऱ्या बायकांच्या अंगावर दिसतं. अंग बहुधा सुती, गडद निळं नाहीतर डाळिंबी, आणि पदर लाल रेशमी. अंगाचा आणि पदराचा ताणा वेगवेगळा असतो, एकेका धाग्याला फासा घालून ते दोन्ही जोडतात. त्या पदरावर पांढऱ्या रंगात जे आकार विणलेले असतात ते नीट पाहावेत. एक कंगव्याचा, एक डोंगररांगेचा, एक किल्ल्याच्या तटाचा आणि एक जोंधळ्याच्या कणसाचा. तट आणि कणीस एकाच पदरावर. आमच्या शाळू पिकवणाऱ्या मुलखातल्या राजकन्येला याहून शोभणारं कापड कुठं मिळणार? पाच वर्षांच्या पोरीच्या खांद्यावरून असा पदर सोडला तर मागं कागदी राजवाडा उभा करायचीही गरज राहत नाही.

पोरींनी नटणं ही बाहेरून आलेली हौस आहे असं काही जण म्हणतात. मला ते पटत नाही, निदान सांगली जिल्ह्यात तरी नाही. ५ नोव्हेंबर १८४३ रोजी विष्णुदास भाव्यांनी सांगलीत ‘सीता स्वयंवर’ केलं, आश्रय चिंतामणराव अप्पासाहेब पटवर्धनांचा. मराठी रंगभूमीवरची पहिली राजकन्या ती, जनकाची लेक. तिचं काम अर्थातच मुलानं केलं, कारण बायका रंगमंचावर येत नव्हत्या. पुढं पलूस तालुक्यातल्या नागठाण्याच्या बालगंधर्वांनी नेसण्याला असा काही दर्जा आणला की घरंदाज बायका त्यांचं पाहून साडी नेसायला लागल्या. त्यांना उंची शालूच लागत, खोटी जर चालत नसे, आणि त्या हौसेचा भार कंपनीच्या कर्जातही होता. कवलापूरच्या काळू-बाळूंचा तमाशा तर आमच्या आधीच्या पिढीनं जत्रेत रात्र रात्र जागून पाहिलेला. म्हणजे कापडानं माणूस बदलतं हे इथल्या लोकांनी फार जवळून पाहिलंय. लेकरू एल्सा व्हायचं म्हणतं तेव्हा तेही तेच मागत असतं.

त्या एल्साची बाजारपेठ कुठून उभी राहिली, तेही सांगण्यासारखं आहे. २००० सालच्या सुमारास डिस्ने कंपनीच्या वस्तुविक्रीची सूत्रं अँडी मूनी यांच्याकडे आली. ॲरिझोनातल्या फीनिक्स शहरात बर्फावरचा एक कार्यक्रम पाहायला ते गेले. तिथं रांगेत आपापल्या आयांबरोबर छोट्या मुली नखशिखांत राजकन्या होऊन उभ्या होत्या. त्यांच्या अंगावरचं काहीच डिस्नेचं नव्हतं. मिळेल त्यातून जुळवलेले पोशाख होते ते. ही हौस आपण विकली पाहिजे हे मूनींनी तिथंच ओळखलं आणि ‘डिस्ने प्रिन्सेस’ नावाची मालिका उभी राहिली. २०१३ साली एल्साचा ‘फ्रोझन’ सिनेमा आला आणि तिचा निळा झगा जगभर गेला. म्हणजे आधी घराघरांत जुळवाजुळव होती, कंपनी मागून आली. ही गोष्ट माहीत झाल्यापासून घरी शिवलेल्या झग्याला कुणी ‘नक्कल’ म्हटलं की मी त्यांना फीनिक्सची ती रांग सांगते.

आता आमचा झगा.

भाचीला काय हवंय ते तिनं एका वाक्यात सांगितलं होतं, “गोल फिरलं की फुगला पाहिजे, आणि मागं लांब शेपूट पाहिजे.” रंग निळा. ट्रंकेत वहिनीची एक फिकट निळी क्रेपची साडी होती, बारीक रुपेरी काठाची, सहावारी. म्हणजे साडेपाच मीटर लांब आणि पन्हा ४५ इंच. शिवायला बसायच्या आधी आईनं ती दांडीवर उलगडून टाकली आणि पाठीमागून उजेड येऊ दिला. विरलेली जागा अशी लगेच दिसते. मग दोन्ही अंगठे शेजारी ठेवून कापड हलकेच ताणायचं, आधी उभं, मग आडवं. आडवा धागा आधी हार मानतो. रेशमी साडी असेल तर घडीची रेघ तपासायची, कारण वर्षानुवर्षं त्याच घडीत राहिलेलं रेशीम तिथंच चिरतं. जिथं शंका आली तिथं खडूनं फुली मारायची आणि तेवढा भाग कापायच्या हिशेबातून वगळायचा.

यानंतर जे ठरवायचं असतं त्यावर सगळा झगा उभा राहतो. तयार ड्रेसचा घेर कळ्यांचा असतो. कळी म्हणजे वर अरुंद, खाली रुंद. बऱ्याच कळ्या जोडल्या की खालची कड कमानीसारखी वळते. साडीचा काठ मात्र सरळ विणलेला असतो. वळणाऱ्या कडेला सरळ काठ लावायला गेलं की तो एक तर वरच्या बाजूला गोळा होतो, नाहीतर चिमट्या घालून घालून त्याची रया जाते. हौसेनं शिवलेल्या किती तरी झग्यांचा डौल इथंच हरवतो. म्हणून काठाच्या कापडाला कळ्यांत कापू नये. त्याला सरळच राहू द्यावं आणि चुण्यांनी कमरेला गोळा करावं. आपल्या परकराची रीत हीच आहे, आणि ती साडीच्या विणीतून आलेली आहे. कळीचा झगा साध्या, बिनकाठाच्या कापडाचा करावा.

पदराचा भाग आधी बाजूला काढून आम्ही उरलेली साडी लांबीच्या बाजूनं मधोमध कापली. दोन पट्टे झाले, प्रत्येकी साडेबावीस इंच उंच, प्रत्येकाला खाली काठ. साडेपाच वर्षांच्या पोरीला कमरेपासून घोट्याच्या जरा वर एवढी उंची नेमकी पुरते. आणि रंगमंचावर झगा घोट्याच्या वरच असावा, पायात येऊन पोरगी पडू नये म्हणून. कंबर २१ इंच होती. क्रेप झिरझिरीत असल्यामुळं कमरेच्या पाचपट घेर धरला, म्हणजे १०५ इंच. त्यात एक पट्टाही पुरता गेला नाही. एका साडीत किती कापड असतं याची खरी कल्पना अशा वेळी येते.

आतला थर महत्त्वाचा, कारण अंगाला तोच लागतो. वहिनीचा जुना सुती परकर घेतला, सहा कळ्यांचा, साडीखाली नेसतात तो. तो लहान करताना पुष्कळ जणी खालून कापतात आणि घेर घालवून बसतात. तो वरून कापायचा. नेफ्याकडचा भाग काढून टाकला की खालचे बावीस-तेवीस इंच सगळ्या घेरासकट हाती राहतात, खालची दुमडही आयती मिळते. वरच्या बाजूला चुण्या घालून कमरेला बसवला की झालं.

फुगण्यासाठी दुकानात कॅनकॅन मिळतं. आम्ही जुनी मच्छरदाणी वापरली. तिच्या पट्ट्या कापून दोन झालरी केल्या, वरची आखूड, खालची तिच्या दुप्पट लांब, आणि त्या सुती परकराच्या बाहेरच्या अंगाला, गुडघ्याच्या थोड्या वरपासून टिपल्या. नेट कातडीला कुठंही लागत नाही, कारण आत सुती कापड आहे. कापलेल्या कडांना सुती पट्टीची मगजी लावली, म्हणजे बसताना टोचणार नाही. पट्टी उरेप कापायची, सरळ कापलेली वळत नाही. बेदाण्याच्या शेडवरची जाळीही चालेल का, असं मला शेजारच्या एका काकींनी विचारलं होतं. ती घेऊ नये. द्राक्षं पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवून त्या जाळीवर वाळत घालतात. ती जाळी लेकराच्या अंगाजवळ नको.

वरचा भाग ब्लाउजमधून काढला. जुना ब्लाउज काखेत घामानं कमजोर झालेला असतो, पण त्याची पाठ सहसा शाबूत राहते. मोठ्या बाईच्या पाठीत पाच वर्षांच्या मुलीची पुढची बाजू माया धरून आरामात बसते. बाह्यांच्या काठासकट फुग्याच्या बाह्या निघाल्या. ब्लाउजचीच हुकांची पट्टी उसवून झग्याच्या पाठीला लावली, आणि आकड्यांच्या दोन ओळी ठेवल्या, एक यंदाची, एक पुढल्या वर्षीची. उंचीसाठीही असंच. आतल्या परकराला आणि बाहेरच्या घेराला कमरेखाली एकेक आडवी चिमटी घालून ठेवली. वाढत्या अंगाला ती उसवली की दोन इंच मिळतात.

शेपूट म्हणजे पदर. सव्वा मीटरचा पदराचा भाग अखंड ठेवला, वरच्या कडेला चुण्या घातल्या आणि दोन्ही खांद्यांना टिचबटणांनी लावला. इथं शिवण घालू नये. गॅदरिंगच्या गर्दीत कुणाचा तरी पाय त्यावर पडणारच, आणि तेव्हा पदर पटकन सुटून आला पाहिजे. गळ्याभोवती नाडी तर कधीच नको.

दोऱ्याविषयी आईचं म्हणणं मला फार मोलाचं वाटतं. जुन्या कापडाला सुती दोरा वापरायचा आणि टीप जरा लांब ठेवायची. पॉलिएस्टरचा चिवट दोरा बारीक टिपेनं घातला तर ताण आल्यावर दोरा टिकतो आणि कापड फाटतं. सुती दोरा आधी तुटतो. तुटलेली शिवण पाच मिनिटांत पुन्हा घालता येते, फाटलेल्या क्रेपचं काही करता येत नाही. सुई ११ नंबरची, आणि कापड मशीनखाली सरकत असेल तर खाली वर्तमानपत्राची पट्टी ठेवून शिवायचं, मग ती ओढून काढायची.

मुकुट लग्नपत्रिकांचा केला. सोनेरी जाड कागद आपल्याकडे वर्षभर येतच असतो.

एक गोष्ट गंभीरपणे सांगायची आहे. २०१४ साली ब्रिटनमध्ये दूरचित्रवाणीवरच्या एका प्रसिद्ध निवेदिकेच्या मुलीचा हॅलोविनचा पोशाख मेणबत्तीच्या ज्योतीला लागून पेटला आणि ती मुलगी भाजली. नंतर तिकडं मोठी चर्चा झाली, कारण असे पोशाख नियमांत कपडे म्हणून धरले जात नव्हते, खेळणी म्हणून धरले जात होते. आपल्याकडे दिवाळीत, संक्रांतीत, देवापुढं, रंगमंचावर दीपप्रज्वलनाला, सगळीकडं ज्योत असते. पॉलिएस्टर आणि नेट पेटतं तसंच वितळूनही कातडीला चिकटतं. आमच्या झग्यातही क्रेप आणि मच्छरदाणी होतीच, म्हणून आत सुती परकर, पायात सुती चोळणा आणि समईपासून लांब, असं पोरीला आणि बाईंनाही सांगून ठेवलं होतं. सुती कापडही पेटतं, ते सुरक्षित कवच आहे असं समजू नये. पण ते वितळून चिकटत नाही, हा फरक मोठा आहे.

राजकन्या म्हटलं की घेरदार झगाच पाहिजे असंही नाही. याच तालुक्यात आरेवाडीला बिरोबाचं बन आहे, धनगर समाजाचं मोठं श्रद्धास्थान. या भागातल्या पोरी अहिल्यादेवी होतात तेव्हा त्यांना फक्त पांढरं पातळ आणि तळहातावर पिंड लागते. ३१ मे १७२५ ला चौंडीत जन्मलेल्या, माळव्याचा कारभार चालवणाऱ्या या राणीचा पोशाख आजोबांच्या जुन्या धोतरातून निघतो. धोतराचा पन्हा, त्याचा बारीक काठ आणि मऊपणा लहान मुलीच्या नेसण्याला अगदी जमून येतो. नेसवताना कमरेला एक सुती पट्टा शिवून त्यावर निऱ्या टाचून टाकाव्यात, म्हणजे पोरीला बसता-उठता येतं. जिजाऊंसाठी नऊवारीतला काठाचा भाग, संक्रांतीच्या बोरन्हाणासाठी जुन्या काळ्या चंद्रकळेचं परकर-पोलकं आणि त्यावर हलव्याचे दागिने. त्या पांढऱ्याशुभ्र दागिन्यांना काळ्याशिवाय उठाव नाही.

ज्यांना हे सगळं घरी शिवता येत नाही अशा बायका गावातल्या शिवणकाम करणाऱ्या ताईकडे जातात. तिच्या बाजूनं दोन शब्द बोलले पाहिजेत. जुन्या साडीचं काहीतरी शिवून दे म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला वाटतं, कापड माझंच आहे, तर पैसे कमी लागतील. प्रत्यक्षात काम वाढतं. आधी उसवायचं, मग इस्त्री, मग भोकं आणि डाग चुकवत कापायचं, आणि एकदा चुकलं तर दुकानात जाऊन तेच कापड आणता येत नाही. नव्या कापडाच्या साध्या ब्लाउजपेक्षा हे जास्त कौशल्याचं काम आहे आणि त्याचे पैसे अस्तराच्या ब्लाउजहून जास्तच द्यायला पाहिजेत. १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेतल्या १८ व्यवसायांत शिंप्याचं काम आहे, अवजारांसाठी १५,००० रुपयांची तरतूदही आहे. यंत्र मिळेल, पण कापड उजेडात धरून त्यातलं काय वाचवायचं हे ठरवणारी नजर यंत्राबरोबर येत नाही. ती नजर जिच्याकडे आहे तिच्याशी घासाघीस करू नये.

आमचा निळा झगा गॅदरिंगला गेला आणि धडसा परत आला. फक्त एका खांद्याचं टिचबटण सैल झालं होतं. पदर काढून वहिनीनं ओढणी म्हणून वापरायला घेतला. घेर अखंड आहे, कमरेचा एक दोरा ओढला तर १०५ इंचांचा सरळ तुकडा पुन्हा हाती येतो. दुसरा पट्टा तर काठासकट तसाच ट्रंकेत पडून आहे. मच्छरदाणीच्या झालरींचा परकर आईनं वेगळा करून टांगून ठेवलाय, कारण भाची यंदा अहिल्यादेवी होणार आहे आणि तिच्या पातळाखाली फुगवट्याचं काम नाही. आजोबा आपलं कुठलं धोतर द्यायचं ते अजून ठरवतायत.